मग्दालिया मरिया : पडद्यावरची आणि शुभवर्तमानातली

दरवर्षी २२ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत मग्दालिया मरिया हिचा सण साजरा करते. ह्या संतेचे नाव कानी पडताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते : मोकळे सोडलेले लांब केस, हातात सुगंधी तेलाची कुपी, डोळ्यांत पश्चात्तापाचे अश्रू आणि मागे एक कलंकित भूतकाळ. धर्मशिक्षणाच्या वर्गात 'मग्दालिया मरिया कोण?' असा प्रश्न विचारला, तर 'प्रभू येशूने जिच्या पापांची क्षमा केली ती वेश्या' असेच उत्तर मिळण्याचा संभव अधिक. मात्र चारही शुभवर्तमाने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, तरी तिच्याविषयी असे विधान कोठेही सापडत नाही.

मग हे चित्र आले कोठून? त्याचा काही भाग प्रवचनांतून आला, काही चित्रकारांच्या कुंचल्यातून, आणि गेल्या शंभर वर्षांत फार मोठा भाग चित्रपट, संगीतनाटके आणि कादंबऱ्या यांतून आला. आज आपल्यापैकी अनेकांची बायबलशी पहिली ओळख छापील पानावर होत नाही, ती पडद्यावर होते. म्हणूनच बायबलचा अभ्यास आणि लोकप्रिय संस्कृती यांचे नाते समजून घेणे हे केवळ विद्वानांचे काम राहिलेले नाही. मग्दालिया मरियेच्या उदाहरणाने ते समजून घेण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

शुभवर्तमाने काय सांगतात?

'मग्दालिया' हे आडनाव नव्हे. ते मग्दाला ह्या तिच्या गावावरून पडलेले नाव आहे. हे गाव गालील सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावर होते. बहुतेक अभ्यासकांच्या मते ग्रीक लेखक ज्याला 'तारिखेया' म्हणतात ते हेच गाव. त्या ग्रीक नावाचा संबंध मासळी खारवण्याच्या धंद्याशी आहे. २००९ साली तेथे केलेल्या उत्खननात पहिल्या शतकातील सभास्थानाचे अवशेष सापडले. त्यात सात फाट्यांच्या दीपवृक्षाचे कोरीव चित्र असलेला एक दगडही होता. म्हणजे मरिया आली ती मासळीच्या व्यापाराने गजबजलेल्या आणि उपासनेची रीत सांभाळणाऱ्या एका यहुदी गावातून.

संत लूक आठव्या अध्यायाच्या प्रारंभी तिची ओळख करून देतो. तिच्यातून सात भुते निघाली होती, आणि हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना, सुसान्ना व इतर अनेक स्त्रिया यांच्यासह ती प्रभू येशू व बारा शिष्य यांच्याबरोबर गावोगाव फिरत असे. ह्या स्त्रिया स्वतःच्या पैशाअडक्यातून त्यांची सेवा करीत. ह्या दोन-तीन वचनांत बरेच काही दडलेले आहे. मरियेपाशी स्वतःचे काही द्रव्य होते आणि ते कोठे खर्च करावे हे ठरविण्याची मोकळीकही तिला होती. त्या काळी विवाहित स्त्रीची ओळख पतीच्या नावाने आणि मातेची ओळख पुत्राच्या नावाने दिली जाई. शुभवर्तमानातही 'खुजाची पत्नी' आहे, 'याकोबाची आई' आहे. मग्दालिया मरिया मात्र केवळ तिच्या गावाच्या नावाने ओळखली जाते.

'सात भुते' ह्या शब्दांनी पुढे बराच घोटाळा केला. नव्या करारात भूतबाधा ही पापाची खूण म्हणून येत नाही, ती दुःसह पीडा म्हणून येते. संत मार्कने सांगितलेला भूतग्रस्त मुलगा लहानपणापासून पीडित होता आणि सुरफुनीकी बाईची मुलगी तर लहानच होती. त्यांच्यावर कोणी दुराचाराचा आरोप करीत नाही. सात ही संख्या पीडेची तीव्रता दाखविते. मरिया ही गंभीर व्याधीतून बरी झालेली स्त्री होती, एवढेच संत लूक सांगतो.

यानंतर ती थेट क्रूसाजवळ दिसते. शिष्यांपैकी बहुतेक पळून गेले असताना ती तेथे उभी आहे. प्रभूला कबरेत कोठे ठेवले हे ती पाहते. आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे ती कबरेकडे जाते. संत योहानाच्या विसाव्या अध्यायात ती कबरेबाहेर रडत असता पुनरुत्थित प्रभूला भेटते आणि त्याला माळी समजते. प्रभू तिला नावाने हाक मारतो तेव्हा तिला ओळख पटते. मग ही वार्ता शिष्यांना सांगण्यासाठी प्रभू तिलाच पाठवितो.

ह्या प्रसंगाचे वजन लक्षात घेतले पाहिजे. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफस स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये असे नमूद करतो. संत लूकही सांगतो की, स्त्रियांचे बोलणे प्रेषितांना वायफळ बडबड वाटली. पुनरुत्थानाची कथा कोणी रचली असती, तर पहिली साक्षीदार म्हणून त्याने स्त्रीची निवड केली नसती. म्हणूनच अनेक अभ्यासकांना हा तपशील मूळ स्मृतीतून आलेला वाटतो.

तीन स्त्रिया, एक चित्र

मग पापाचा शिक्का बसला कसा? शुभवर्तमानांत तीन स्त्रियांच्या कथा एकमेकींच्या जवळ येतात. पहिली म्हणजे संत लूकच्या सातव्या अध्यायातील निनावी स्त्री. ती परुशी शिमोनाच्या घरी येऊन प्रभूचे चरण आसवांनी भिजविते. तिला 'पापी' म्हटले आहे, पण कोणते पाप ते सांगितलेले नाही. दुसरी म्हणजे लाजर व मार्था यांची बहीण, बेथानीची मरिया. संत योहानाच्या बाराव्या अध्यायात ती जटामांसीच्या मौल्यवान तेलाने प्रभूच्या चरणांना अभ्यंग करते. तिसरी मग्दालिया मरिया. बेथानी यहुदियात, यरुशलेमपासून साधारण ३ किलोमीटरवर. मग्दाला दूर उत्तरेस गालीलात. निनावी स्त्रीच्या कथेनंतर लगेच पुढच्या अध्यायात मग्दालियेचे नाव येते. दोन 'मरिया', दोन अभ्यंग आणि शेजारशेजारचे दोन अध्याय यांतून गुंता निर्माण झाला.

इ. स. ५९१ मध्ये पोप संत ग्रेगरी महान यांनी एका प्रवचनात ह्या तिन्ही स्त्रिया एकच आहेत असे मानले आणि सात भुते म्हणजे सर्व दुर्गुण असा अर्थ लावला. त्यांचा हेतू मरियेची निंदा करण्याचा नव्हता. ५९० साली रोमवर प्लेगचे संकट कोसळले होते, त्यात त्यांचे पूर्वाधिकारी पोप मरण पावले होते. भयभीत जनतेला ते सांगत होते की, कितीही मोठा पापी असला तरी देवाचे दार त्याला उघडे आहे. तो संदेश सत्यच होता. पण ज्या स्त्रीच्या तोंडी तो घातला गेला तिची ती कथा नव्हती.

पुढे योहानाच्या आठव्या अध्यायातील व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेली स्त्रीही लोकांच्या कल्पनेत हिच्यातच मिसळली. इजिप्तच्या संत मरिया ह्या वाळवंटातील तपस्विनीची कथाही तिला येऊन चिकटली. दोनातेल्लो यांनी लाकडात कोरलेली कृश तपस्विनी आणि तिशियन यांनी रंगविलेली केशसंभाराने वेढलेली सुंदरी, ही दोन्ही शिल्प-चित्रे ह्याच मिश्रणातून जन्मली. पूर्वेकडील ख्रिस्तसभांनी मात्र हा समज कधी स्वीकारला नाही. तेथे मग्दालिया मरिया ही कबरेकडे सुगंधी द्रव्ये घेऊन जाणाऱ्या स्त्रियांपैकी प्रमुख म्हणूनच गौरविली जाते.

पाश्चात्त्य जगात ह्या समजाविरुद्ध आवाज उठला नाही असे नाही. फ्रेंच विद्वान जाक लफेव्र देताप्ल यांनी सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ह्या तीन स्त्रिया वेगवेगळ्या आहेत असे प्रतिपादन केले. १५२१ साली पॅरिसच्या धर्मविद्यापीठाने त्यांच्या मताचा निषेध केला. शास्त्राचा पाठ त्यांच्या बाजूने होता, पण रूढ झालेले चित्र अधिक बलवान ठरले.

शिक्क्याची किंमत

कोणी म्हणेल, एका संतेविषयी गैरसमज झाला, त्यात एवढे काय बिघडले? बिघडते ते असे. तिचे नाव 'घसरलेल्या' स्त्रियांसाठी काढलेल्या गृहांना दिले गेले. सतराव्या शतकाच्या प्रारंभी जुन्या गोव्यात आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांच्या काळात स्त्रियांसाठी दोन आश्रयगृहे उभी राहिली. त्यांपैकी पश्चात्तप्त स्त्रियांसाठी जे होते, त्याला संत मग्दालिया मरियेचे नाव होते. दुसरे गृह, जे अनाथ आणि कुलीन स्त्रियांसाठी होते, त्याला पवित्र मातेचे नाव होते. केवळ नावावरूनच आतल्या स्त्रीची समाजातील जागा ठरत असे.

आयर्लंडमध्ये ह्या परंपरेने फार दुःखद वळण घेतले. तेथील 'मॅग्डलिन' धुलाईगृहे धर्मभगिनींच्या संस्था चालवीत. अविवाहित माता, अनाथ मुली, घरच्यांना नकोशा झालेल्या मुली अशा अनेकींना तेथे ठेवून विनावेतन राबविण्यात आले. १९२२ ते १९९६ ह्या काळात सुमारे १०,००० स्त्रिया व मुली तेथून गेल्याचे २०१३ सालच्या सरकारी अहवालात नमूद आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत आयर्लंडच्या पंतप्रधानांनी शासनाच्या वतीने संसदेत त्या स्त्रियांची क्षमा मागितली. ह्या प्रकरणाकडे जगाचे लक्ष वेधण्यात २००२ सालच्या 'द मॅग्डलिन सिस्टर्स' ह्या चित्रपटाचा मोठा वाटा होता. हे सत्य श्रद्धावंतांनी नजरेआड करू नये. प्रभूने जिला आपल्या पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार केले, तिचेच नाव हजारो स्त्रियांच्या माथी कलंकाची खूण म्हणून मारले गेले.

रंगमंच आणि रुपेरी पडदा

चित्रपटांनी हे जुने चित्र आयते उचलले आणि अधिक भडक केले. सेसिल बी. डीमिल यांच्या १९२७ सालच्या 'द किंग ऑफ किंग्ज' ह्या मूकपटाच्या सुरुवातीलाच मग्दालिया मरिया ही ऐश्वर्यात लोळणारी गणिका म्हणून येते. तिच्या रथाला चक्क झेब्रे जुंपलेले आहेत, आणि यहुदा हा तिचा प्रियकर आहे! शुभवर्तमानात यांपैकी कशाचाही मागमूस नाही. १९७० साली ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने आलेल्या आणि १९७३ साली चित्रपट झालेल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' ह्या संगीतिकेत ती प्रभूवरील प्रेमाने गोंधळून गेलेली, बदनाम भूतकाळाची स्त्री आहे. १९७७ सालच्या 'जीझस ऑफ नाझरेथ' ह्या भक्तिपूर्ण मालिकेनेही तिला वेश्याच दाखविले. मार्टिन स्कोर्सेझी यांच्या १९८८ सालच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट' मध्येही तेच, आणि २००४ सालच्या 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' मध्ये तिला व्यभिचाराच्या आरोपातून सुटलेल्या स्त्रीशी एकरूप केले गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात यावी. ज्या चित्रपटांचा भाविकांनी निषेध केला आणि जे त्यांनी धर्मग्रामांत कौतुकाने दाखविले, त्या दोहोंतही चूक एकच होती. चित्रपट श्रद्धेने काढलेला आहे म्हणून तो शास्त्राला धरून असतो असे नाही.

२०१८ साली आलेल्या गार्थ डेव्हिस दिग्दर्शित 'मेरी मॅग्डलिन' ह्या चित्रपटाने प्रथमच मोठ्या प्रमाणावर हा शिक्का पुसण्याचा प्रयत्न केला. त्याच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांच्या प्रवचनाचा उल्लेखही आहे. 'द चोझन' ह्या मालिकेचा २०१९ सालचा पहिला भागही तिची दुखावलेली, भूतबाधेने ग्रासलेली अवस्था दाखवितो आणि प्रभू तिला नावाने हाक मारतो तेथे येऊन थांबतो. त्या भागातील बहुतेक तपशील काल्पनिक आहेत, परंतु नावाने हाक मारण्याची कल्पना मात्र थेट यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायातून आलेली आहे.

'द दा विंची कोड' आणि त्याचे दावे

मग्दालियेविषयी सर्वाधिक खळबळ माजविली ती डॅन ब्राउन यांच्या २००३ सालच्या 'द दा विंची कोड' ह्या कादंबरीने आणि २००६ सालच्या तिच्यावरील चित्रपटाने. आपल्या देशात चित्रपट प्रमाणन मंडळाने तो केवळ प्रौढांसाठी, आणि तो काल्पनिक असल्याची सूचना दाखविण्याच्या अटीवर मंजूर केला. गोव्यासह काही राज्यांनी त्यावर बंदी घातली. आंध्र प्रदेशातील बंदी तेथील उच्च न्यायालयाने रद्दही केली. त्या दिवसांत निदर्शने झाली, घोषणा झाल्या. श्रद्धास्थानाचा अवमान झाला की मन दुखावते, हे खरेच. परंतु बंदीमुळे प्रश्न मिटत नाही. 'त्यात लिहिले आहे ते खरे का?' असे विचारणाऱ्या तरुणाला उत्तर हवे असते.

ते उत्तर अभ्यासाने देता येते. कादंबरीतील एक पात्र प्रभू येशू व मरिया यांच्या विवाहाचा पुरावा म्हणून 'फिलिपाचे शुभवर्तमान' पुढे करते आणि त्यातील 'सोबतीण' ह्या शब्दाचा अरामी भाषेत 'पत्नी' असा अर्थ होतो असे सांगते. वस्तुस्थिती अशी की, १९४५ साली इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेले हे हस्तलिखित अरामी नाही, ते कॉप्टिक भाषेत आहे. त्यात वापरलेला मूळ ग्रीक शब्द भागीदार, सहकारी अशा अर्थांनीही येतो. ज्या चुंबनाचा गाजावाजा झाला, त्या ओळीत हस्तलिखितच फाटलेले आहे आणि नेमका शब्द नाहीसा झाला आहे. शिवाय हा ग्रंथ चार शुभवर्तमानांनंतर बऱ्याच काळाने रचलेला असून त्यातील चुंबन हे आध्यात्मिक ज्ञानाच्या देवाणघेवाणीचे प्रतीक आहे.

कोणते ग्रंथ बायबलमध्ये घ्यावेत हे इ. स. ३२५ च्या नायसिया धर्मपरिषदेने ठरविले, हा दावाही तसाच. त्या परिषदेचा मुख्य विषय होता एरियसची शिकवण, म्हणजे पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे की नाही हा वाद. ग्रंथांच्या यादीविषयी तिने निर्णय दिल्याची नोंद नाही. राहिला लिओनार्दो यांच्या 'शेवटचे भोजन' ह्या भित्तिचित्राचा प्रश्न. प्रभूशेजारची दाढी नसलेली आकृती म्हणजे तरुण संत योहान. त्या काळचे चित्रकार त्याला असेच रंगवीत.

२०१२ साली 'येशूची पत्नी' असा उल्लेख असलेला पपायरसचा एक तुकडा जगभर गाजला. चार वर्षांनी त्याच्या मालकीची खोटी कथा उघडकीस आली, आणि तो जाहीर करणाऱ्या विदुषीनेही तो बहुधा बनावट असल्याचे मान्य केले. बातमी पहिल्या पानावर आली होती, पण ती खोटी ठरल्याचे फारच थोड्यांपर्यंत पोहोचले.

आमच्या मते ह्या कादंबरीची खरी उणीव इतिहासाच्या चुकांपेक्षा खोल आहे. तिने मरियेला वेश्येच्या शिक्क्यातून सोडविल्याचा आव आणला, पण लगेच तिला कोणाची तरी पत्नी आणि वंशाची माता करून टाकले. एका चित्रात स्त्रीची ओळख तिच्या पापावरून, दुसऱ्या चित्रात तिच्या विवाहावरून. शुभवर्तमानातील तिची ओळख ह्या दोहोंहून निराळी आहे : ती शिष्या आहे, आणि ती साक्षीदार आहे.

ख्रिस्तसभेने केलेली दुरुस्ती

बायबलचा ऐतिहासिक अभ्यास म्हणजे श्रद्धेवर घाव, असे अजूनही काहींना वाटते. वास्तविक पोप बारावे पायस यांच्या १९४३ सालच्या परिपत्रकाने आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ सालच्या दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजाने मूळ भाषा, वाङ्मयप्रकार व काळ यांचा विचार करून शास्त्र वाचण्यास प्रोत्साहनच दिले. त्याची फळे उपासनेतही दिसून आली. १९६९ च्या उपासना दिनदर्शिकेत मग्दालियेच्या सणातून 'पश्चात्तप्त' हे विशेषण गेले, आणि त्या दिवशीचे वाचन लूकच्या सातव्या अध्यायाऐवजी योहानाच्या विसाव्या अध्यायातून घेण्यात आले.

३ जून २०१६ च्या आदेशाने पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांची श्रेणी देण्यात आली आणि 'प्रेषितांची प्रेषिता' हा जुना किताब नव्या उपासना-प्रार्थनेत आला. हा किताब संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनातही आढळतो. २०२१ साली २९ जुलैच्या संत मार्थाच्या स्मरणदिनात बेथानीची मरिया आणि लाजर यांचाही समावेश झाला. बेथानीची मरिया नेमकी कोण, ह्याविषयी लॅटिन ख्रिस्तसभेत पूर्वी असलेली अनिश्चितता आता दूर झाली आहे, असे त्या आदेशातच म्हटले आहे. ५९१ साली एकत्र झालेल्या स्त्रिया दिनदर्शिकेत आपापल्या जागी परतण्यास चौदा शतके लागली.

पाहावे, आणि मग वाचावे

चित्रपट पाहू नयेत असे आमचे म्हणणे नाही. शुभवर्तमान थोडक्यात बोलते. दोन वाक्यांमधल्या रिकाम्या जागा कलावंत आपल्या कल्पनेने भरतो, आणि कधी कधी त्यातूनच परिचित वचनाला नवा अर्थ फुटतो. मात्र ती भर कोणती आणि मूळ कोणते, हे आपणास कळले पाहिजे. त्यासाठी घरात किंवा युवकांच्या गटात चित्रपट पाहून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत. हा प्रसंग कोणत्या शुभवर्तमानात आहे? तेथे नसलेले काय येथे घातले आहे? आणि जे घातले, ते का घातले असावे? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण चित्रपट बहुधा प्रभूच्या काळापेक्षा तो काढणाऱ्यांच्या काळाविषयी अधिक सांगतो.

जेथे पवित्र आठवड्यात दुःखसहनाचे नाट्यप्रयोग होतात, तेथेही लेखक-दिग्दर्शकांनी हा विचार करावा. मग्दालियेच्या भूमिकेसाठी भडक वस्त्रे आणि लज्जित मान ह्यांची गरज नाही. क्रूसाखाली न डगमगता उभी राहिलेली, कबरेची जागा नीट पाहून ठेवणारी आणि पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडणारी स्त्री हीच खरी भूमिका आहे. धर्मशिक्षकांनीही वर्गात तिची ओळख लूकच्या आठव्या अध्यायापासून करून द्यावी.

पापी माणसाला देवाची क्षमा मिळते, हे सांगण्यासाठी शुभवर्तमानात पुष्कळ कथा आहेत. लूकच्या सातव्या अध्यायातील ती निनावी स्त्री आहेच. तिची कथा तिच्याच नावावर, म्हणजे तिच्या निनावीपणावर, राहू द्यावी. मग्दालिया मरियेपाशी सांगण्यासारखे दुसरे काही आहे. आपण प्रभूला पाहिले आहे, असे तिने शिष्यांना जाऊन सांगितले. ज्यांनी ते प्रथम ऐकले त्यांना ते खरे वाटले नाही. येत्या २२ जुलैला तिचे स्मरण करताना निदान आपण तरी तिचे ते बोलणे ऐकून घ्यावे.